दहाचा फोन आणि नवी यादी

...दूध तापवलं, वाचनालयाचं शटर वर केलं, कपाटांवरून फडकं फिरवलं आणि दहाच्या फोनची वाट बघत बसले. कालच्या सकाळची गोष्ट.

मंडळी, हे गेल्यापासून डोंबिवलीचं वाचनालय मी एकटीच चालवते. ठाण्याची शाखा नणंद, सुमनवन्सं, बघतात. रोज दहाला त्या हव्या असलेल्या पुस्तकांची नावं फोनवर सांगायच्या आणि शेवटी विचारायच्या, "वहिनी, जेवायला काय केलंयस?" दिवसभरात दुसरं कोणी मला हे विचारत नाही.

परवापासून आमची पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर, इंटरनेटच्या ब्राउझरमध्ये उघडते. कुठलं पुस्तक कुठे आहे, ते दोन्हीकडे दिसतं. तिकडे ठाण्यात माजिवड्याच्या वाचकाला फुकटचा हेलपाटा पडत नाही. धंद्याला फार सोयीचं आहे, खोटं कशाला बोलू?

पण काल दहाला फोन वाजलाच नाही. मी यादी पुन्हा पुन्हा उघडत राहिले. वन्संनी तिकडून पाच पुस्तकं राखून ठेवलेली दिसली. वाटलं, संपलं आता बोलणं.

बाराला इंटरनेट बंद केलं आणि लगेच घंटी वाजली.

"अगं वहिनी, दोन तास फोन एंगेज! कोणाशी एवढ्या गप्पा?"

इंटरनेट फोनच्याच लाइनवर चालतं, हे मी विसरलेच होते.

"पण वन्सं, यादी दिसते ना तुम्हाला?"

"दिसते गं. तू जेवलीस का, ते कुठे दिसतं त्यात?"

तुमच्याकडेही नव्या सोयीने एखादा फोन अडवलाय का?

आज दहाला पाच मिनिटं असताना मी इंटरनेट बंद केलं.