मुठीवरचं कातडं

बायकोच्या मामांइतका माणसाचा हात धरून ठेवणारा गृहस्थ सबंध तंजावुरात दुसरा नसेल. लग्नात कुणी हात मिळवायला पुढे केला, की मामा तो सोडतच नाहीत; बोटं चाचपतात, अंगठ्याने तळव्याची रुंदी मोजतात आणि निकाल देतात. आमच्या बँकेच्या मॅनेजरना भर पंगतीत म्हणाले, "हात मऊ आहे. तुमच्या मुठीला दोरी जाड हवी." मॅनेजर पायसम टाकून उठले.

मामांना वेड जुन्या वाकड्या तलवारींच्या मुठींचं. पात्याकडे ते बघतही नाहीत. "पातं शत्रूला, माप्पिळ्ळै, मूठ आम्हांला," असं ते जावई म्हणून मला तमिळमध्ये हाक मारून बजावतात. लाकडाच्या दोन फाकांमध्ये पात्याचं मागचं निमुळतं शेपूट बसवायचं, वर सुती दोरी गुंडाळायची, त्यावर बकऱ्याचं ओलं कातडं ताणून सरसाने चिकटवायचं. वाळलं की दोरीचे कंगोरे वर उठतात आणि घामातही हात घसरत नाही. ही विद्या तलवारींपुरती राहिली असती तर बरं होतं. मामांनी आमची पळी, छत्री आणि माझ्या स्कूटरची हँडलंही मढवून दिली. सांबाराला आलेल्या वासाबद्दल मी लिहीत नाही. स्कूटरमागे मात्र कुत्री पार तिरुवैयारूपर्यंत आली.

त्यांच्या घरी वडिलोपार्जित एक तलवार आहे. खंडेनवमीला पूजा झाली की पुढच्या पिढीने ती एकदा उचलायची, आणि मूठ त्याच हाताच्या मापाची हवी, अशी घरची रीत. पुढची पिढी म्हणजे एकुलता मुलगा. तो सिडनीला असतो; मामी गेल्यापासून आलेला नाही. दर वर्षी मामा त्याला व्हिडिओवर कॉफीचा टंबलर धरायला लावतात. जोडीतला दुसरा टंबलर इथे असल्यामुळे माप चुकत नाही. "बोटं जाड झाली रे, एक वेढा वाढवतो," म्हणत दोरी बांधतात. पूजा होते, तलवार पाटावरच राहते, आणि मामा दोरी पुन्हा उलगडून ठेवतात. कातडं का लावत नाही, असं मी एकदा विचारलं.

"हात आल्यावरच चिकटवायचं."

यंदाही मुलाचं "पुढच्या वर्षी नक्की, अप्पा" झालं. खंडेनवमीला सकाळी गेलो, तर घरभर सरसाचा वास. मुठीवर नवं कातडं, वाळून घट्ट बसलेलं. मामांनी तलवार माझ्या हातात दिली. मामांच्या संगतीत मीही मापाचा माणूस झालोय. फरक लगेच कळला.

"बारीक झाली, मामा. त्याच्या हाताला पुरायची नाही."

"त्याच्यासाठी नाहीच ती."

त्यांनी मूठ परत घेतली. वाळक्या बोटांत ती नेमकी बसली. तलवार एकदा उचलून त्यांनी पाटावर ठेवली आणि फूल वाहिलं.

निघताना मी हात पुढे केला. मामांनी तो बराच वेळ धरून ठेवला, पण मोजला नाही.