काकूंच्या परसातली वाफ

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं घाबरावं, खुशाल घाबरावं. पण घाबरून साहेबाला फोन करू नये! मी केला, आणि एका म्हातारीचे देव डब्यात गेले.

थांबा, नीट सांगतो. चहा घ्या तुम्ही.

माझं काम तसं साधं. जमिनीत दोन-तीन किलोमीटर खोल गेलं की खडक चांगला तापलेला असतो. तिथवर भोक पाडायचं, पाणी सोडायचं, ते उकळून वर आलं की वीज करायची आणि उरलेल्या गरमीवर इथली मिरची वाळवायची. पण भोक पाडायचं कुठे? ते ठरवायला मी गावोगावच्या कोरड्या बोअरमध्ये वायरला बांधून थर्मामीटर सोडत फिरतो. मी धारचा, शिकलो सगळं हिंदीत. मराठी आपली खिचडी, सांभाळून घ्या.

तर जुनं निसरपूर धरणाच्या पाण्यात गेलं आणि वस्ती वर नव्या प्लॉटांवर आली. तिथे गोदूकाकूंकडे मी उतरलो होतो. आईच्या लांबच्या नात्यातल्या. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात नर्मदेकाठच्या देवळाची पूजा. देऊळ बुडालं. घरचे देव तेवढे काकूंनी तांदळाच्या डब्यात घालून, मांडीवर धरून इकडे आणले. "एकदा उठले, पुरे झालं," म्हणायच्या. "आता मी गेल्यावर काय ते करा."

परसात कोरडा बोअर. तोंडावर फरशी. संध्याकाळी सहज फरशी सरकवली, तर खालून आवाज. हूंऽऽऽ!

वारा असेल म्हटलं. पण झाडाचं पान हलत नव्हतं हो! वाकलो, तर गळ्यातला मफलर सरळ पाइपात निघाला. मी वर ओढतोय, ते खाली ओढतंय!

"काकू, हा बोअर ओढतो!"

"ओढतो की. कधी ओढतो, कधी सोडतो," काकू आतून शांतपणे म्हणाल्या. "झाक ते आणि जेवायला ये."

ओढतो, सोडतो? म्हणजे श्वास घेतो? कोण घेतो?

सकाळी आभाळ भरलेलं, कडाक्याची थंडी. वायरचं भेंडोळं घेऊन परसात गेलो आणि जागीच थिजलो. फरशीच्या फटीतून पांढरी वाफ निघत होती. संथ, थांबून थांबून. जवळ गेलो तर गालावर ओलसर, कोमट हवा लागली. कुणीतरी अगदी तोंडाशी तोंड आणून श्वास सोडावा तशी. पाचावर धारण बसली माझी! वायर, थर्मामीटर तिथेच टाकून अंगणात पळालो.

पण इंजिनियर माणूस 'भूत' कसं म्हणणार? मी साहेबांना फोन लावला. ते कुक्षीत मुक्कामाला होते.

"सर, वाफ! जमिनीतून वाफ निघतेय!"

"पक्का? टेम्परेचर कितना है?"

"सर, हाथ नहीं लगा सकते!"

यात खोटं काय होतं सांगा? हात पुढे जातच नव्हता.

शेजारच्या कैलासनं भिंतीवरून ऐकलं. दहा मिनिटांत गल्लीभर झालं: खाली उकळतंय, वस्ती उठणार. कुणी ओरडलं नाही, कुणी भांडलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. एकदा उठलेली माणसं मुकाट्यानं सामान बांधतात. कैलास तर दाराच्या बिजागऱ्या काढायला बसला.

घरात आलो तर गॅस बंद, देव्हारा रिकामा. काकू खाटेवर, मांडीवर तांदळाचा डबा.

"काकू, अहो, अजून काही ठरलेलं नाही!"

"तेव्हाही एक साहेब आला होता," काकू म्हणाल्या. "पाणी गावापर्यंत येणार म्हणाला. आम्ही हसलो. आलं."

मी दारात जाऊन साहेबांच्या गाडीची वाट बघत उभा राहिलो.

साहेब आले. त्यांनी स्वतः वायर सोडली, पार तळापर्यंत. सगळी गल्ली श्वास रोखून उभी, आणि बोअर आपला सोडतोय. साहेबांनी आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"भैया, सत्ताईस! इतना तो अपने कमरे में रहता है!"

मग त्यांनी सगळ्यांना समजावलं. खडकाला भेगा असतात, त्यात हवा भरलेली. बाहेर हवेचा दाब वाढला की बोअर हवा ओढतो, आभाळ येऊन दाब उतरला की सोडतो. यात उकळण्याबिकळण्याचं काही नाही.

"तूने वायर डाली थी?"

"नहीं सर."

"क्यों?"

अख्खी गल्ली माझ्या तोंडाकडे बघतेय! "डर गया था, सर."

कैलासनं हातातला स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे असा काही रोखला, की मी तडक काकूंचे पाय धरले. "काकू, देव बाहेर काढा. कुणी उठवत नाही तुम्हाला. गाढवपणा माझा."

काकूंनी डबा सोडला नाही. "आणि मग ती वाफ?"

"आतली हवा उबदार, बाहेर गारठा. म्हणून दिसते नुसती."

"तोंडातून निघते तशी?"

"अगदी तशीच, काकू!"

काकूंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग डब्याचं झाकण उघडलं, बाळकृष्ण तांदळातून बाहेर काढला, पदरानं पुसला आणि साहेबांना म्हणाल्या, "याच्या तोंडातून तर सकाळपासून निघतेय. साहेब, आधी यालाच खणा. बघा, खोल काही सापडतंय का!"