नव्या गाण्यांबद्दल लोक काय म्हणतात

माझा नवरा रॉक वाजवतो. हे मी गेली कित्येक वर्षं सांगत आले आहे आणि अजूनही समोरचा विचारतो, "म्हणजे नक्की काय करतात?" लग्नाचं विचारायला हा लांब केसांचा मुलगा आमच्या विश्रांतवाडीच्या घरी आला, तेव्हा माझ्या वडिलांनीही तेच विचारलं होतं. "गिटार ठीक आहे. पण दिवसा काय करता आपण?" तो म्हणाला, "सराव." वडिलांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि आत चहा सांगितला. पुढे घर माझ्या सरकारी नोकरीवर चाललं. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही, कारण तो खरोखरच सुरेख वाजवायचा.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्याला ऐकून वेडी झालेली मुलं आता साठीला टेकली आहेत. कुणाचे केस गेले, कुणाचे गुडघे गेले, चाहतेपण तेवढं शाबूत आहे. त्यांचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप आहे. मला त्यात 'वहिनी' म्हणून घेतलंय. नवरा नाही त्यात. त्याला फोनवर वाचायचा कंटाळा, त्यामुळे चहाबरोबर मीच त्याला वाचून दाखवते. निवृत्तीनंतर मला मिळालेलं हे एकमेव खातं.

गेल्या काही वर्षांत त्याने घरातच एका खोलीच्या भिंतींना जाड गाद्या ठोकून तीन अल्बम केले. वाजवतो तोच, आणि सगळी वाद्यं एकत्र बसवून कुणाचा आवाज किती ठेवायचा हेही तोच ठरवतो. पूर्वी हे काम स्टुडिओतला माणूस करायचा. आता म्हणे परक्याच्या कानांची गरज नाही.

तिसरा अल्बम आला आणि ग्रुपवर दोन तट पडले. जुनी मंडळी वैतागली. "पूर्वी ऐकताना डोळे मिटायचे, आता दात आवळले जातात," असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, "गाणी उत्तम आहेत. शेजारच्या खोलीत लावून या खोलीत ऐकावीत." अलीकडे ग्रुपवर आलेली नवी पोरं मात्र खूश. ती आयटीवाली, हेडफोन लावून जगणारी. "काका एकदम रॉ झालेत," "म्हातारपणी धार आली राव," असलं काय काय. मी दोन्ही वाचून दाखवलं. पोरांचं ऐकून नवरा सुखावला, आणि जुन्यांबद्दल म्हणाला, "त्यांचं आता वय झालं." मलाही जुन्यांचाच राग आला होता. आयुष्यभर फुकटचे पास मागणारे हे लोक आता याला शिकवणार!

मग एके दिवशी कुणीतरी साधंसं लिहिलं. त्यात टोमणा नव्हता. "तिन्ही अल्बम लागोपाठ ऐकले. ड्रमवरची झांज दर वेळी थोडी पुढे आली आहे. पहिल्यात मागे होती, दुसऱ्यात शेजारी आली, आता सगळ्यांच्या अंगावर येते. हे मुद्दाम केलंय का?"

तो बाहेर गेल्यावर मी स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता तिन्ही अल्बम लावले. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण हे कळलं. झांज खरंच पुढे येत होती. तिसऱ्या अल्बमपर्यंत ती इतकी तीक्ष्ण झाली होती की मी सुरी खाली ठेवून आवाज बारीक केला. मनात काहीतरी चमकून गेलं. मी ते झटकलं आणि कांदा चिरायला घेतला.

त्याच आठवड्यात त्याला थोडी कणकण होती. मी त्याच्या तोंडात थर्मामीटर दिला आणि समोर बसून लसूण सोलायला लागले. थर्मामीटर वाजला, पिक् पिक् पिक्, आणि थांबला. तो तसाच बसून राहिला, तोंडात नळी धरून, शहाण्या मुलासारखा माझ्याकडे बघत.

"अरे, काढ की," मी म्हटलं.

"अजून वाजला कुठे?" तोंडातल्या तोंडात तो म्हणाला.

थर्मामीटर बघायच्या निमित्ताने मी त्याच्या मागे गेले, तो पुन्हा चालू केला आणि त्याच्या कानाशी नेला. चालू होतानाही तो वाजतो. मला स्पष्ट ऐकू आलं. त्याने मानही वळवली नाही. "किती आहे?" एवढंच विचारलं.

तेव्हापासून मी घाबरूनच होते. घरातला प्रत्येक बारीक आवाज मी त्याच्या चेहऱ्यावर तपासत असे. वॉशिंग मशीन कपडे झाल्यावर वाजतं, त्याला पत्ता नसतो. मायक्रोवेव्ह वाजतो, पत्ता नाही. एकदा सकाळी आम्ही खडकवासल्याला गेलो. धरणाच्या कडेच्या झाडीत बारके पक्षी नुसता कलकलाट करत होते, आणि हा पाण्याकडे बघत म्हणाला, "आज पक्षी कसे गप्प आहेत नाही?" मी "हो" म्हटलं. परत येताना मोटरसायकलवर त्याला घट्ट धरून बसले होते, तर म्हणतो, "काय गं, आज प्रेम फार उतू चाललंय."

भीती नुसती कानांची नव्हती. बोललेलं सगळं त्याला कळायचं, मी आतल्या खोलीतून भांडले तरी तो तिथूनच उत्तर द्यायचा; हरवले होते ते झांजेसारखे उंच पट्टीतले आवाज तेवढे. भीती ही होती की या माणसाकडे दुसरं काहीच नाही. त्याला बँकेचा फॉर्म भरता येत नाही, पोहे करता येत नाहीत. हे गेलं तर घरात सकाळपासून रात्रीपर्यंत कोण बसलेलं असेल, याची मला कल्पनाच करवत नव्हती.

शेवटी हिय्या करून म्हटलं, "एकदा कान तपासून घेऊ या का? वयाप्रमाणे सगळेच तपासतात."

तो हसला. "माझे कान? पोरं काय लिहितात ते तूच वाचलंस ना? धार आलीये म्हणतात." त्याला चाहत्यांनी प्रमाणपत्रच दिलं होतं, आणि ते मीच त्याला वाचून दाखवलं होतं.

मग नारायण पेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम ठरला. जुनी मंडळी सहकुटुंब पुढच्या खुर्च्यांवर, पोरं मागे उभी. मी कडेला बसले होते. पहिली दोन गाणी छान झाली. तिसऱ्याला तो तंद्रीत गिटार घेऊन आपल्या अॅम्प्लिफायरच्या अगदी पुढ्यात गेला, आणि शिट्टी सुरू झाली. गिटार स्पीकरजवळ गेली की कधीकधी असं होतं, वाजवणारा लगेच बाजूला सरकतो. हा सरकला नाही. शिट्टी बारीक, सुईसारखी, डोक्यात आरपार. पुढच्या रांगेतल्या माणसांनी दोन्ही हातांनी कान दाबले. एक बाई उठून बाहेर गेल्या. लहान मुलं रडायला लागली. आणि तो डोळे मिटून, शांतपणे, फार मन लावून वाजवत होता. मध्येच त्याने डोळे उघडले, लोकांकडे बघून हसला, आणि हात मागे नेऊन अॅम्प्लिफायरचं बटण आणखी पुढे फिरवलं.

बेस गिटार वाजवणारा त्याचा जुना मित्र मंचावरून चालत आला आणि वाकून त्याने बटण मागे फिरवलं. सगळ्या हॉलने श्वास सोडला. नवऱ्याने त्याच्याकडे चिडून बघितलं. मित्राने माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की आता हे त्यालाही कळलंय.

कार्यक्रम संपल्यावर तो मित्र माझ्यापाशी आला. "वहिनी, तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगते," मी म्हटलं.

रिक्षात नवरा नुसता फुलला होता. "बघितलंस? पुढची अख्खी रांग हात वर करून! हे लोक गॅदरिंगमध्येसुद्धा इतके पेटले नव्हते." मंचावर दिवे डोळ्यांवर असतात, समोरचं धड दिसत नाही. त्याला फक्त वर झालेले हात दिसले होते. मी रस्त्याकडे बघत राहिले.

सकाळी त्याने चहा घेतला आणि म्हणाला, "वाच."

ग्रुपवर एका पोराने त्या गाण्याचा व्हिडिओ टाकला होता आणि खाली रणधुमाळी माजली होती. मी वाचायला घेतलं. "काकांनी ती शिट्टी धरून ठेवली, काय हिंमत आहे!" "माझ्या पत्नीला उठून जावं लागलं. हा आमचा अपमान आहे." "यापुढे तिकिटाबरोबर कापूस द्यावा."

कापसाला तो हसला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "कसली शिट्टी?"

मी पुढचा मेसेज शोधू लागले.

"अगं, कसली शिट्टी?"

"तू स्पीकरपाशी उभा होतास तेव्हाची. फार जोरात होती रे."

"आणि ते हात?"

"कानांवर होते," मी म्हटलं.

त्याने माझा फोन घेतला, मला त्या गाद्यांच्या खोलीत नेलं, फोन मोठ्या स्पीकरला जोडला आणि मला समोरच्या स्टुलावर बसवलं. "शिट्टी सुरू झाली की हात वर कर. थांबली की खाली घे."

गाणं सुरू झालं. शिट्टी आली, मी हात वर केला. तो स्पीकरकडे बघतच नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता. त्याने मान तिरपी केली, एखादा सूर लावताना करतो तशी, आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा माझा हात वरच होता. खाली घ्यावा, आत्ता लगेच, असं हजारदा वाटलं. चेहरा पांढरा पडला होता त्याचा. "अजून आहे?" त्याने विचारलं. मी मान हलवली. व्हिडिओत मित्र वाकला, शिट्टी थांबली, आणि मी हात खाली घेतला.

त्याने व्हिडिओ पुन्हा मागे नेला. मला रडू फुटलं.

"नंतर रड," तो म्हणाला. "आधी हात सरळ धर. कुठून कुठपर्यंत ते मला नक्की कळायला हवं."