वायव्येकडे तोंड केलेला देव

सोयराअक्कांच्या देव्हाऱ्यातले सगळे देव पूर्वेला बघतात, एक सोडून. शर्टाच्या बटणाएवढं सोन्याचं नाणं आहे ते. चांदीच्या वाटीत कडेला टेकवून लाखेनं बसवलेलं, वायव्येकडे तोंड करून असतं. तिकडे काय, तर भिंत, आणि भिंतीवर गॅस एजन्सीचं कॅलेंडर. पण अक्कांच्या लेखी तिकडे गाव आहे. कुठलं, ते त्यांच्या घरात कुणालाच माहीत नाही.

अक्का चामराजपेटेत साड्यांच्या पदरांना कुच्चू बांधतात, म्हणजे रेशमाचे गोंडे. मी पहिल्यांदा साडी घेऊन गेले आणि त्यांच्या तोंडून मराठी ऐकून उडालेच. कानडीची फोडणी होती, पण मराठीच. त्यांचा पूर्वज साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आला. भाषा टिकली, देव टिकले, गावाचं नाव मात्र वाटेत कुठेतरी सांडलं. मरायच्या आधी एकदा आपल्या गावच्या देवापुढे नारळ फोडायचा, एवढंच त्यांचं मागणं. मी दिवाळीला माहेरी फलटणला निघाले की त्या हमखास विचारायच्या, "कल्पना, कसलं असतंय गं गाव? नदी हाय का? देऊळ कुठल्या अंगाला?" भुकेल्यानं दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसं ते विचारणं असायचं.

नाण्यावर एक जोडपं बसलेलं आहे. घरात त्याला खंडोबा-म्हाळसा म्हणतात आणि दर रविवारी भंडारा वाहतात. पूर्वजानं निघताना हे गावच्या देवळातून आणलं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. म्हणजे नाणं कुठलं ते कळलं की गावाचा माग लागेल, असं मीच अक्कांच्या डोक्यात भरवलं. नसती उठाठेव करायची मला खोडच आहे. नवऱ्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले जयतीर्थ सर जुनी नाणी ओळखतात. एका रविवारी त्यांना घेऊन गेले.

सरांनी भिंगातून खूप वेळ पाहिलं आणि म्हणाले, मागची बाजू बघायला लागेल.

तिथंच घोडं अडलं. दसऱ्याला बाकीचे देव चिंचेनं लख्ख घासतात, पण हा देव वाटीतून उठवायचा नाही, असा त्या घरचा रिवाज. आजवर कुणी त्याची पाठ पाहिलेलीच नव्हती. शेवटी अक्का देवापुढे नारळ ठेवून "चुकलंमाकलं पोटात घाल" म्हणाल्या आणि वाटी उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरली. लाख सैल झाली. तरी नाणं पालथं घालायला त्यांचा जीव होईना. त्यांनी ते चिमटीत उभं धरलं, देवाचं तोंड स्वतःकडे, आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही पाठीमागनं बगा."

सर वाकले, मीही वाकले. तीन ओळी अक्षरं होती आणि पहिलं होतं 'श्री'.

"देवनागरी!" मी ओरडलेच. "अक्का, आपली अक्षरं आहेत! तिकडचंच आहे हे!"

अक्कांनी मोकळ्या हातानं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. सर मात्र मान हलवत होते. विजयनगरचे राजेही नाण्यावर नागरी अक्षरं घालत, त्यांनी हलक्या आवाजात कानडीतून सांगितलं. "श्री प्रताप देवराय. हे हंपीच्या राजाचं नाणं, अम्मा. जोडपं म्हणजे शिव-पार्वती. तुमची माणसं यायच्या दोनशे वर्षं आधीचं आहे."

माझ्या जिभेला हाड नाही, हेच खरं. अक्कांच्या तोंडाकडे बघवेना.

"मंजे आमच्या माणसानं गावाकडनं आणलंच न्हाई हे?"

"नाही, अम्मा. इकडेच मिळालं असणार."

अक्कांनी नाण्यावरच्या जोडप्यावरून अंगठा फिरवला. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "परक्या मुलखात हातात सोनं आलं. दुसऱ्यानं विकून खाल्लं असतं. ह्येनं जोडपं बगितलं, आन् ह्येला आपला देव दिसला." त्यांचे डोळे भरून आले. "लई आठवण येत असंल गं त्येला."

फलटणचं घर भावानं गेल्या वर्षी विकलं. यंदा दिवाळीला मला जायला घर नाही, हे मी अजून अक्कांना सांगितलेलं नव्हतं. मला फार आठवण येते त्या घराची.

अक्कांनी नाणं पुन्हा लाखेत दाबून बसवलं. सर म्हणाले, आता इतर देवांसारखं पूर्वेला ठेवायला हरकत नाही. अक्कांनी ऐकून घेतलं आणि वाटी वायव्येकडेच फिरवली.

"नाणं हितलं असू दे, सर. पण तोंड कुणीकडं करायचं, ते त्येला ठावं होतं न्हवं? त्येनंच करून ठेवलंय."

मग त्या उठल्या, समोरचं कॅलेंडर काढलं आणि दुसऱ्या भिंतीला लावलं. सर गेल्यावरही आम्ही दोघी त्या मोकळ्या भिंतीकडे बघत बसलो. फलटणही त्याच अंगाला आहे.