प्लायवूडमागचा सिताराम

कळंबोलीच्या लोखंड बाजारात सगळ्या मालाचा रंग एकच, गंजाचा. त्यातलं मऊ कुठलं आणि कडक कुठलं, हे सितारामला ठिणगीवरून कळायचं. ग्राइंडरच्या फिरत्या चाकाला गज टेकवायचा आणि डोळे बारीक करून बघायचं. ठिणगी गवताच्या पात्यासारखी लांब, सरळ गेली तर लोखंड मऊ. चाकापाशीच फुलबाजीसारखी तडतडली तर कडक. कडक लोखंड छिन्नीला चांगलं. वजन उचलायच्या हुकाला ते चालत नाही, कारण ते वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं आणि खाली उभ्या माणसावर पडतं.

ही नजर त्याला गावानं दिली, पण प्रेमानं नाही. परभणीकडच्या त्याच्या गावात लोहार विळे-कुऱ्हाडी फिरत्या सहाणेवर धरायचा, तेव्हा बौद्धवाड्यातल्या पोरांनी भट्टीच्या सावलीलाही जायचं नव्हतं. "लांब बस," लोहार म्हणायचा. सिताराम लांब बसला, बाभळीखाली, आणि दिवसच्या दिवस नुसत्या ठिणग्या बघत राहिला. जवळ बसलेल्यांना दिसलं नाही ते त्याला लांबून दिसलं.

उदयसिंहांच्या दुकानात त्यानं तीस वर्षं काढली. गेल्या दसऱ्याला उदयसिंहांनी मशीन आणली. ग्राइंडरवर कॅमेरा, भिंतीवर टीव्हीएवढा पडदा. ठिणगी पडली की पडदा मऊला हिरवा, कडकला लाल व्हायचा. मशीनला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, कॅमेऱ्याच्या काचेला पेढा चिकटवला. पहिल्याच आठवड्यात मशीननं पाण्याच्या मऊ पाइपालाही कडक म्हटलं. मशीन विकणाऱ्यानं फोन उचलणं सोडलं. मग मशीनमागं प्लायवूडचा आडोसा उभा राहिला, आडोशामागं स्टूल आलं, आणि स्टुलावर सिताराम. हातात मोबाइल, त्यावर ठिणगीचं चित्र आणि दोन बटणं, लाल आणि हिरवं. तो दाबेल तो रंग बाहेर पडद्यावर.

"थोडेच दिवस रे," उदयसिंह म्हणाले. "मशीन शिकतीय अजून. आणि गिऱ्हाईक असताना खोकायचं नाही."

लांब बस. पुन्हा तेच.

"तुमी तिथं करता तरी काय?" बायकोनं, बायजाबाईनं, एकदा विचारलं.

"मी मशीन हाय."

"मग मशीनला आज भाकरी दोन देऊ का तीन?"

ती हसली. त्याला हसू आलं नाही. त्याला त्या पेढ्याचा आंबूस वास आठवला. पुसायचं कुणाला सुचलं नव्हतं, काचेवर मुंग्या चढल्या होत्या.

प्लायवूडपलीकडून त्याला रोज तेच भाषण ऐकू यायचं. "ही जेवत नाही, झोपत नाही. हिला जात नाही, नातं नाही. ही खोटं कशाला बोलेल?" गिऱ्हाईक माना डोलवायचं. प्लायवूडच्या अलीकडं सिताराम, पाठीला रग लागलेला, मांडीवर डबा, खोकला गिळत बसलेला. घासाबरोबर त्या भाषणाची किळसही गिळायचा.

माघात दिनानाथ आला. पावणे एमआयडीसीत त्याचा कारखाना, क्रेनचे हूक बनवतो. वीस वर्षं सितारामनं बघितल्याशिवाय त्यानं गाडी भरली नव्हती; या दिवाळीत मात्र स्वतः न येता नुसता ट्रक पाठवून माल नेला होता.

"सितारामभाऊ दिसत नाहीत?" त्यानं विचारलं.

"गेला गावाला. वय झालं," उदयसिंह म्हणाले.

"चला, आता टेन्शन नाय. माणूस म्हटला की मूड आला."

सितारामनं डबा झाकला. बाहेर हमालानं गज चाकाला लावला. मोबाइलवर ठिणगी उठली, आखूड, तडतडती. कडक. त्यानं लाल दाबलं.

"बघा, हिरवा!" बाहेर उदयसिंह म्हणाले.

दुसरा गज. तीच फुलबाजी. पुन्हा लाल. बाहेर पुन्हा हिरवा. प्लायवूडच्या फटीतून सितारामनं बघितलं, उदयसिंहांच्या हातात त्यांचा मोबाइल होता आणि अंगठा हलत होता. आतून आलेला निकाल ते बाहेर उलटा फिरवत होते. तीस वर्षांत त्यानं कडकाला कधी मऊ म्हटलं नव्हतं. आता ते त्याच्याच बोटाखालून जात होतं, आणि त्या हुकांखाली कोण उभं राहणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो उठून बाहेर आला.

"दिनानाथशेठ, हा माल नेऊ नका. हुकाला चालायचा न्हाई."

दिनानाथ चपापला. "भाऊ? तुमी गावाला ना?"

"मी हितंच हाय. मशीन मीच हाय."

दिनानाथ खळखळून हसला. "काय भाऊ! मशीननं पोटावर मारलं म्हणून राग? पण डोळे माणसाचे, चुकायचेच. मशीनला काय स्वार्थ?"

"मशीनला नसंल. मशीन ज्याची हाय त्याला हाय."

"सिताराम, आत जा," उदयसिंह दातांत बोलले.

सिताराम आत गेला नाही. दारापाशी उभा राहिला. हमालानं तिसरा गज लावला. पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरू लागलं. फिरवायला आतून निकालच आला नाही, तर अंगठा काय फिरवणार? एक मिनिट गेलं, दोन गेली.

"विचार करतंय," दिनानाथ हळूच म्हणाला, देवळात बोलावं तसा.

पाच मिनिटांनी उदयसिंहांनी नेटवर्कचं नाव घेतलं. दिनानाथनं पडद्याकडं बघितलं, सितारामकडं बघितलं, मग चार पावलं टाकून आडोशामागं डोकावला. स्टूल. डबा. मोबाइल, त्यावर दोन बटणं. त्याचा चेहरा उतरला.

"भाऊ... दिवाळीत नेलेला माल?"

"माझी बोटं लाल-हिरवं बरोबरच दाबत होती. बाहेर काय दिसलं, ते ह्यांना विचारा."

उदयसिंह मोबाइल खिशात घालत होते. सितारामनं डबा उचलला आणि दुकानाबाहेर पडला.

ट्रकच्या रांगेपाशी दिनानाथनं धापा टाकत त्याला गाठलं. "भाऊ, गाडी रिकामी केली. दिवाळीपासूनचे हूक पण परत मागवतो, फोन केलाय." मग जरा घुटमळला. "ह्याची मशीन खोटी निघाली हो. खरीखुरी कुठं मिळते, तुमाला माहीत असेल ना?"

वीस वर्षं हा माणूस सितारामच्या खांद्याशी उभा राहून ठिणग्या बघत होता.

सिताराम बाजूला तोंड करून गंजाच्या धुळीत थुंकला, आणि डबा काखेत धरून बसस्टॉपकडं चालू लागला.