बोलणं नसलेली साक्षीदार

ते प्रकरण आठवलं की आजही थकवा येतो. खून नाही, दरोडा नाही. एका बाईंचा पासपोर्ट, एवढंच.

हर्सूलकडच्या एका वस्तीत, मुलाच्या संसारात राहणाऱ्या त्या विधवा बाई. मुलगी मस्कतला, पहिलं बाळंतपण जवळ आलेलं, तिकडं हाताशी कुणी नाही. बाईंना त्याआधी तिथं पोचायचं होतं.

पडताळणीचा अर्ज आमच्या ठाण्यात आला आणि पाठोपाठ एक निनावी फोन. "ती बाई तिथं राहतच नाय. गावाकडं असती. पत्ता खोटा हाय." पत्ता खोटा निघाला की प्रतिकूल अहवाल जातो आणि अर्ज लटकतो. मी तेव्हा ठाण्याचा प्रभारी होतो. हवालदाराला पाठवलं, तर घराला कुलूप. (बाई नातवंडांना शाळेतून आणायला गेल्या होत्या, हे मागून कळलं.) ओळख पटवायला त्यांनी दोन शेजाऱ्यांची नावं दिली होती. पहिला किराणा दुकानदार. तो खाली बघत म्हणाला, गावाकडं असतात. दुसरी शेजारच्या घरातली बाई. हवालदार मला म्हणाला, "साहेब, तिचं नि अर्जदार बाईंचं नालीच्या पाण्यावरून वैर आहे. वर्षानुवर्षं बोलणं बंद."

लोक ओळखीला डॉक्टर देतात, प्राध्यापक देतात, नगरसेवकाच्या मागं लागतात. वैरिणीचं नाव कोण देतं? फोन तिनंच कुणाकडून तरी करवला असणार, असं मी धरून चाललो आणि स्वतः तिच्याकडं गेलो.

दारातच दरडावलं, तशी ती उसळली. "मी कशाला फोन करू? बाई लई खवट हाय. मुद्दाम नालीत खरकटं टाकती. पण राहती इथंच, रोज माझ्या डोक्याला ताप! तिचा पोरगाच आला होता. म्हणला, मावशी, पोलीस आले तर आई गावाकडं असती म्हणा. मी म्हणलं, चल, निघ!"

मुलाला ठाण्यात बोलावलं. वाळूजला कारखान्यात कामाला. आधी कानावर हात ठेवले. दुकानदाराला समोर बसवल्यावर मात्र सगळं ओकला. फोनही त्याचाच. "आम्ही दोघं नवरा-बायको पाळीवर जातो, साहेब. आई गेली तर पोरं कोण बघणार?"

बाईंनाही बोलावलं होतं; त्या बाकावर बसून ऐकत होत्या. मी त्यांना विचारलं, जिच्याशी बोलणं नाही तिचं नाव का दिलंत?

"बाकीच्यांना ह्यानं गोड बोलून फिरवलं असतं. ती कुणाचंच ऐकत नाय. माझं तरी कुठं ऐकती?"

मुलावर कारवाई करता आली असती. बाईंनी हात जोडले, "काही लिहू नका, नोकरी जाईल त्याची." मी समज देऊन त्याला सोडला आणि अनुकूल अहवाल पाठवला. पण या भानगडीत दिवस गेले ते गेलेच. पासपोर्ट हातात पडला तेव्हा मुलगी बाळंत झालेली होती. जाण्याआधी बाई पेढे घेऊन आल्या. शेजारणीला दिले का, म्हटलं.

"तिला कशाला? आमचं बोलणं नाय."

माझ्या नोकरीत खोटं बोलणारे रोजच भेटले. चोर पकडला जाऊ नये म्हणून बोलतो, वैरी सूड घ्यायला बोलतो. ते मी समजू शकत होतो. आईची गरज आहे म्हणून लेकरानंच ती इथं राहत नाही असं सांगावं, हे ऐकून मात्र त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.