धबधब्याचं गाऱ्हाणं

ज्या धबधब्याचा जाणकार म्हणून मी सासरी ओळखला जात होतो, तो धबधबा मी कधी पाहिलाच नव्हता.

गेल्या वर्षी ऑफिसच्या मंडळींबरोबर मी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलो होतो. अर्ध्या वाटेत माझ्या पोटरीत गोळा आला. मंडळी पुढे गेली आणि मी दगडावर बसून सगळ्यांचे डबे राखले (थोडे हलकेही केले!). करी रोडला सासरी सांगताना मात्र मी धबधब्याखाली अंघोळ करून आलो! काय करणार? मी गिरगावचा, बँकेत खुर्ची उबवणारा. सासरे, म्हणजे आप्पा, जन्मभर गिरणीत मागावर उभे राहिलेले. माझ्यात काही धमक आहे असं त्यांना लग्नापासून कधी वाटलंच नव्हतं. त्या अंघोळीनंतर पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या ताटातली सुरमईची तुकडी मला वाढली. हा मान काहीही करून टिकवायचा होता.

यंदा आप्पा म्हणाले, "जावयबापू, तो धबधबो आमकाय दाखवा."

आप्पा, सासूबाई, बायको स्मिता आणि सर्वांच्या पुढे छाती काढून मी, असे निघालो. पहिल्याच फाट्यावर मी ठणकावलं, "डावीकडे!" अर्ध्या तासानं पुन्हा तोच फाटा आला.

"अहो, आपण इथेच होतो ना मघाशी?" स्मितानं विचारलं.

"जंगलात सगळे फाटे सारखेच दिसतात."

तिसऱ्यांदा तोच फाटा आल्यावर हे शास्त्र कोणालाच पटेना. इतक्यात पाण्याचा आवाज आला. "ऐका! धबधबा!" मी ओरडलो.

सासूबाईंनी क्षणभर कान दिला. "टाकी भरताहा ती," त्या म्हणाल्या. (चाळीत पहाटे उठून पाणी भरलेले कान ते!) झुडपामागे खरोखरच टाकी भरत होती.

आता आप्पांनी चपला काढल्या, हात जोडले आणि चक्क गाऱ्हाणं सुरू केलं! गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांदेखत देवाला अडचण सांगायची आणि प्रत्येक ओळीला बाकीच्यांनी मान्यता द्यायची.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां रानात वाट चुकलीत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो.

"ज्या जावयान आमका हय आणल्यान, तेकाच वाट गावत नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात स्मिताचा आवाज जरा जास्तच खणखणीत होता.

"तोच जावय गेल्या वर्षी ह्याच धबधब्याखाली न्हावन गेलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोघी म्हणाल्या. मी नुसतेच हात आणखी घट्ट जोडले. बँकेत मी हसत हसत खोटं बोलतो, पण हे थेट देवाच्या दरबारात!

आप्पांनी एक डोळा उघडला. "जावयबापू, व्हय म्हणा."

"आप्पा... मी... डबे सांभाळत होतो."

वाटेनं येणारी दहा-बारा कॉलेजची पोरंही आता थांबून ऐकत होती. माझ्या कानशिलांना आग लागली. सुरमई गेली, मान गेला, सगळं गेलं!

आप्पांनी शांतपणे डोळा मिटला आणि आवाज चढवला, "बा देवा म्हाराजा! ह्या आमच्या थापाड्या जावयाक आता तरी नीट वाटेक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरांसकट सगळं रान दणाणलं. आणि सासरी सगळ्याला हो म्हणायची इतक्या वर्षांची सवय म्हणा, पण त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.